एका ओठावर चार वाद्यं

बँडात ज्याला सगळी वाद्यं येतात त्याला मालक कधी सोडत नाही. ऐन सीझनमध्ये एखादा वादक आजारी पडतो, एखादा जास्त पैशांसाठी दुसऱ्या पार्टीत जातो, एखादा कारखान्यावर उसाला गेलेला वेळेत परतत नाही. अशा वेळी रिकाम्या जागी उभं करायला तोच माणूस लागतो. माझी सगळी उमेद त्या माणसाच्या जागी गेली. बॅरिटोन, ट्रंपेट, युफोनियम आणि नंतर ट्रॉम्बोन, या चारांवर माझं घर चाललं, मुलांची शिक्षणं झाली. तरीही आता पोरांना शिकवायला बसतो तेव्हा एकाच वाद्यावर बसवतो आणि दुसऱ्याला बराच काळ हात लावू देत नाही. त्यांच्या आई-बापांना हे पटत नाही. जितकी वाद्यं येतील तितक्या सुपाऱ्या, असा त्यांचा सरळ हिशेब असतो, आणि तो अगदीच चुकीचा नाही. म्हणूनच हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

माझं गाव पाली. बीडहून मांजरसुंब्याकडं निघालं की सोलापूरच्या रस्त्यावर लागतं, जवळच बिंदुसरेचा तलाव. आमच्या घरात वाजवणं पिढीजात. आजोबांची हलगी, चुलत्यांची सनई. लग्नात, जत्रेत, पालखीपुढं वाजवायचं आणि सगळी पंगत उठल्यावर शेवटी जेवायचं, या दोन्ही गोष्टी वारशानं आल्या. पुढच्या पिढीनं बँडचा ड्रेस अंगात घातला तेव्हा घरच्या म्हाताऱ्यांना फार बरं वाटलं होतं. पायात बूट, डोक्यावर तुऱ्याची टोपी घालून आपलं पोरगं गावाच्या मधल्या रस्त्यानं ताठ मानेनं वाजवत जातंय, याचं त्यांना अप्रूप होतं. पंगत मात्र पुढंही बरीच वर्षं शेवटचीच राहिली.

बँडात नवं पोर आलं की त्याच्या हातात आधी झांज नाहीतर खुळखुळा देतात. चालता चालता ताल सुटेनासा झाला की ड्रम, आणि मग फुंकीचं वाद्य. माझ्या वाट्याला बॅरिटोन आलं, कारण पार्टीत तेवढं एकच पडून होतं. त्याचा मधला पिस्टन अडकायचा. मास्तर शिवणयंत्राचं पातळ तेल घालायला लावायचे. खोबरेल थंडीत गोठतं आणि ऐन परण्यात, नवरदेव मारुतीला निघालेला असताना, बटण वर येत नाही. हे मास्तर पोलीस बँडातून निवृत्त झालेले. त्यांचे गुरू निजामाच्या राजवटीत तयार झालेले. आमच्या भागातले बरेच जुने बँडवाले अशाच कुठल्या ना कुठल्या वर्दीतल्या माणसाचे शिष्य. मास्तरांना कागदावरचं इंग्रजी नोटेशन वाचता यायचं. आम्हाला ते आकड्यांनी शिकवायचे. कुठल्या सुराला कोणतं बटण, एवढं पाठ करायचं. "आधी आकडे बोटांत बसू दे, गाणं आपोआप येतंय," असं त्यांचं म्हणणं.

त्या आकड्यांमुळंच मी पुढं चार वाद्यांत फिरलो. त्यामागची गोष्ट वादकांनाही सहसा कुणी समजावून सांगत नाही. पितळी नळीत ओठ थरथरवून फुंकलं की एकही बटण न दाबता काही ठरावीक सूर निघतात: सा, वर प, मग वरचा सा, त्याच्यावर ग, पुन्हा प. आपली तुतारी आणि शिंग एवढ्यावरच चालतात, त्यांना मधले सूर नाहीत. हे मधले सूर मिळावेत म्हणून पिस्टन आले. त्यांचं पहिलं पेटंट जर्मनीत १८१८ मध्ये निघालं. बटण दाबलं की हवेला जादा नळीतून फिरून यावं लागतं आणि सूर उतरतो. दुसरं बटण अर्धा सूर उतरवतं, पहिलं एक, तिसरं दीड. ट्रंपेट असो, बॅरिटोन असो, युफोनियम असो, हा हिशेब तोच. ट्रंपेटची नळी सरळ केली तर साधारण साडेचार फूट भरते, युफोनियमची नऊ, म्हणून त्याचा आवाज बरोबर एक सप्तक खाली. तिन्हींचा सा मोकळ्या नळीत काळी पाचलाच लागतो.

बेल्जियमच्या अडॉल्फ सॅक्सनं १८४० च्या दशकात अशा पितळी वाद्यांचं अख्खं कुटुंबच बांधलं होतं, लहानापासून भल्या मोठ्यापर्यंत, सगळ्यांना बोटं तीच. त्याचा सॅक्सोफोन जगभर गाजला. तो पितळेचा असला तरी रीडवर वाजतो, म्हणून माझ्या हिशेबात मी तो धरत नाही. इंग्लंडातल्या खाणींत आणि गिरण्यांत राबणाऱ्या कामगारांनी त्या कुटुंबातल्या वाद्यांवर आपले बँड उभे केले. शिकायला सोपं आणि एकाची जागा दुसऱ्याला घेता येईल, असं ते साधन होतं. आमचीही गरज नेमकी तीच. आम्हीही दिवसा दुसऱ्याच्या रानात किंवा कारखान्याच्या फडात राबणारे आणि उरलेल्या वेळात वाजवणारे.

एकदा आमच्या पार्टीचा ट्रंपेटवाला लग्नाच्या आदल्या रात्री तापानं पडला. सुपारी केजच्या बाजूची होती, उचल घेऊन झाली होती. मालकानं ट्रंपेट माझ्या हातात दिलं. बोटं मला येतच होती. नवरदेव मारुतीला निघाला आणि परण्याची सगळी गाणी मी निभावली. वरचे सूर कुठं कुठं चिरकले, पण गाणं कुठं थांबलं नाही. मालकानं पाठीवर थाप मारली. त्या दिवसापासून माझी ओळख 'कुठंबी चालणारा' अशी झाली. तेव्हा मी फार हरखलो होतो.

बोटं तीच असतात, पण तोंड तेच राहत नाही, हे त्या हरखण्यात ध्यानात येत नाही. ट्रंपेटच्या माउथपीसची वाटी आतून सोळा-सतरा मिलिमीटर, युफोनियमची पंचवीसच्या वर. ट्रंपेटच्या खालच्या सा ला ओठ सेकंदाला २३३ वेळा थरथरतात, युफोनियमच्या त्याच सा ला निम्मे. एकाला ओठ घट्ट, कोपरे आवळलेले, हवा थोडी पण वेगाची. दुसऱ्याला ओठ सैल, छाती भरून हवा, आणि ती सावकाश सोडायची. दिवसभर युफोनियम वाजवून संध्याकाळी वरातीला ट्रंपेट घेतलं की ओठ ढिले पडलेले असतात. वरचा सा लागतच नाही, आणि तो लागावा म्हणून माणूस माउथपीस दातांवर दाबायला लागतो. उलट क्रम त्यामानानं सोसतो. सकाळी ताज्या ओठांनी ट्रंपेट आणि संध्याकाळी युफोनियम, असा दिवस निघतो. पण लग्नाचा क्रम आपल्या ओठांना विचारून ठरत नाही.

एका चौदा एप्रिलला याचा कस लागला. बाबासाहेबांच्या जयंतीची मिरवणूक आमच्यासाठी सगळ्यात मानाची. तिथं पैशांचं कुणी बोलत नाही. मी बॅरिटोनवर होतो. ऊन कडक, मिरवणूक लांबलेली. मुख्य ट्रंपेटवाल्याला चक्कर आली, त्याला सावलीत बसवलं आणि मी त्याच्या जागी गेलो. मुक्कामाला पोचेपर्यंत थांबायचा प्रश्नच नव्हता. रात्री तोंड धुताना खालचा ओठ आतून फाटलेला दिसला, दातांची खूण उमटलेली. नंतर कितीतरी दिवस ओठ सुजलेला राहिला, तिखट खाता येईना. पुढच्या सुपाऱ्यांना मी झांज घेऊन उभा होतो, आणि हजेरी झांजेची मिळाली. त्या मिरवणुकीत वाजवल्याचं मला आजही समाधान आहे. पण बदलीचा वादक आपल्या शरीरातून काय देतो, ते हजेरीच्या वहीत कुठंच लिहिलं जात नाही.

आता फायद्यांकडं येतो, कारण ते खरे आहेत आणि मोठे आहेत.

पहिला म्हणजे कान. फक्त ट्रंपेट वाजवणारा गाण्याची चालच ऐकतो. चाल त्याच्याकडंच असते, बाकीचे त्याच्यामागं. बॅरिटोन-युफोनियमवर काही वर्षं काढली की चालीच्या पोटात काय चाललंय ते कळायला लागतं: कुठल्या ठिकाणी ग धरून ठेवला की ट्रंपेटचा प गोड लागतो, कुठं खालून पंचमाचा ठेका दिला की चालणाऱ्यांची पावलं एक होतात. मी गाणी बसवायला लागलो ते या कानाच्या जोरावर. कॅसेटवर गाणं पुन्हापुन्हा ऐकायचं आणि कुणाला काय द्यायचं ते ठरवायचं. 'अलबेला' तली गाणी आमच्याकडं लग्नात हमखास मागितली जायची. त्यांचे संगीतकार सी. रामचंद्र आपल्या पुणतांब्याचे, आणि त्या सिनेमात त्यांच्याबरोबर चिक चॉकलेट हा गोव्याचा ट्रंपेटवादक सहायक होता. त्या गाण्यांत पितळी वाद्यं नुसती भर म्हणून येत नाहीत, एकमेकांशी बोलतात. चार वाद्यांच्या जागा आतून माहीत असल्याशिवाय ते बोलणं बँडवर उतरवता येत नाही, असं माझं ठाम मत आहे.

ट्रॉम्बोननं माझा कान आणखी साफ केला. त्याला बटणं नाहीत, नळी आतबाहेर सरकवायची, सात जागा. त्यामुळं मींड निघते, जी पिस्टनवर मारूनमुटकूनच येते. पण सूर कुठं आहे ते दाखवायला हाताला खूण नाही. कानानंच जागा पकडायची. खालच्या सप्तकातला शुद्ध रे सहाव्या जागी, कोमल रे पार सातव्या, तिथं बारक्या पोराचा हातही पुरत नाही. ट्रॉम्बोन शिकल्यावर मला माझ्याच ट्रंपेटमधला एक दोष ऐकू यायला लागला. पहिलं आणि तिसरं बटण एकत्र दाबलं की सूर थोडा चढा लागतो, आणि तिन्ही दाबली की आणखी चढा. म्हणजे खालचा रे आणि कोमल रे. भजनाचा शेवट भैरवीनं करताना तो कोमल रे किती वर्षं चढा वाजत आला होता, ते कुणाच्याच कानाला खटकलं नव्हतं. ट्रंपेटच्या तिसऱ्या नळीला बोटात अडकवायची कडी असते. ती किंचित पुढं ढकलायची आणि सूर उतरवायचा. आमच्या पार्टीतल्या जुन्या ट्रंपेटवाल्यांना ती कडी वाद्य नीट धरायला दिली आहे असंच वाटायचं.

उन्हाळ्यातल्या सुराचंही तसंच. आमच्याकडं लग्नं एप्रिल-मेमध्येच दाटतात, कारण दसऱ्या-दिवाळीला ऊसतोडीला गेलेली माणसं पाडव्याच्या आगंमागं गावी परततात. तोवर पारा चाळिशीच्या वर गेलेला असतो. हवा आणि पितळ तापलं की फुंकीच्या सगळ्या वाद्यांचा सूर चढतो. त्यात लहान नळी लवकर तापते आणि मोठी हळू, म्हणून पहिली दोन-तीन गाणी ट्रंपेट आणि युफोनियम एकमेकांना जुळत नाहीत. गाडीवर कीबोर्ड आला तेव्हा पंचाईत वाढली. तो उन्हात चढत नाही, थंडीत उतरत नाही. दोन्ही टोकांची वाद्यं वाजवलेला माणूस कुणाची नळी किती ओढायची ते चटकन सांगतो. हे काम मी आनंदानं केलं.

दुसरा फायदा वयाचा. ट्रंपेटला पुढचे दात लागतात आणि ओठात ताण लागतो. पन्नाशीनंतर दात हलले की ट्रंपेटवाल्याचा धंदा बसतो. आमच्या मास्तरांचे पुढचे दात गेले तेव्हा ते युफोनियमवर आले आणि कवळी लावून अखेरपर्यंत वाजवत राहिले. माझाही एक दात गेला आहे. मोठ्या माउथपीसनं मला अजून सांभाळून घेतलंय.

आणि पोटाचा फायदा तर उघडच आहे. दुष्काळात तो सगळ्यात जास्त कळतो. २०१६ च्या उन्हाळ्यात जिल्ह्यातली धरणं तळाला गेली होती, टँकरची वाट बघण्यात दिवस जायचा. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, काहींनी देवळात चार माणसांत उरकली. जो मालक एरवी वीस जणांची पार्टी न्यायचा तो नऊ जणांवर आला. नऊ जणांत कुणाला ठेवणार? ज्याला दोन-तीन गोष्टी येतात त्याला. आयुष्यभर एकच वाद्य जीव लावून वाजवलेले दोन उत्तम वादक त्या वर्षी घरी बसले. त्यांच्यापेक्षा मी चांगला वाजवत नव्हतो, तरी कामावर राहिलो. हे मला तेव्हाही टोचलं आणि आजही टोचतं.

डीजे आल्यावर पार्ट्या आणखी आटल्या. रात्री दहानंतर ध्वनिवर्धकाला मनाई करणारे नियम २००० सालापासून आहेत, पण गावोगावच्या वरातींत भिंतीएवढे स्पीकर वाजतच राहिले. बँडला मागणी उरली ती परण्यापुरती आणि मंगलाष्टकांपर्यंत. मग करोना. मार्च २०२० ला, म्हणजे सीझनच्या तोंडावर, सगळं बंद. नंतर लग्नाला पन्नास माणसांची मुभा मिळाली, २०२१ च्या एप्रिलमध्ये ती पंचवीस माणसं आणि दोन तासांवर आली. पंचवीस माणसांत बँडवाल्यांना कोण धरणार? शिवाय आमचं काम फुंकेचं. एकाच्या माउथपीसला दुसऱ्यानं तोंड लावायची आमच्यात जी रीत होती, ती एका फटक्यात संपली. ती संपली हे चांगलंच झालं. आता प्रत्येक पोराला स्वतःचा माउथपीस घ्यायला लावतो. वाद्य पार्टीचं असलं तरी चालेल.

माउथपीसवरून मेरठ आठवलं. आमची वाद्यं तिथून येतात. जली कोठीत नादिर अली अँड कंपनी १८८५ पासून आहे, आणि गल्लीगल्लीत पितळ ठोकणारे, वाकवणारे, पॉलिश करणारे कारागीर आहेत. मालकाबरोबर एकदा खरेदीला गेलो होतो. तिथल्या एका म्हाताऱ्या कारागिराला मी माझी अडचण सांगितली की वाद्य बदललं की ओठ बदलतो. त्यानं माझे दोन्ही माउथपीस बोटांनी चाचपून पाहिले. वाटीचा आकार वेगळा राहणारच, पण ओठाला टेकणारी कडा दोन्हींची एकाच घडणीची असेल तर ओठाला परकं वाटत नाही, असं तो म्हणाला. लेथवर लावून त्यानं ट्रंपेटच्या माउथपीसची कडा थोडी गोल करून दिली. इतक्या वर्षांत ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती. दोन वाद्यं वाजवणाऱ्या कुणीही आधी ही कडा तपासावी. हातात घेतल्यावर ती दिसत नाही, अंगठा फिरवला की कळते.

आता ज्या गोष्टीमुळं मी पोरांना एकाच वाद्यावर बसवतो ती. एका गणेशोत्सवात आम्हाला पुण्याची सुपारी होती. आमचं वाजवून झाल्यावर मी लक्ष्मी रस्त्यावर थांबलो आणि प्रभात ब्रास बँड ऐकला. तिथल्या ट्रंपेटचा एकेक सूर मला वेगळा ओळखू येत होता. एकच स्वर लांबवला तरी त्यात वाजवणाऱ्याचा स्वभाव होता, आणि पुढच्या चौकात पुन्हा तोच स्वर तसाच लागत होता. त्या रात्री माझ्या ध्यानात आलं की माझे सगळे सूर जागेवर असतात, पण एकही सूर माझा नाही. सोमवारी युफोनियम वाजवलं तर मंगळवारच्या ट्रंपेटला त्याचा ढिलेपणा लागलेला असतो. ट्रंपेट वाजवलं तर युफोनियमचा आवाज पातळ होतो. ओठ रोज नव्यानं जुळवून घेण्यात दमतात, आणि नाद घडायला जी निवांत वर्षं लागतात ती कुठल्याच वाद्याला मिळत नाहीत. पार्टीतही तेच. चाल वाजवणाऱ्या ट्रंपेटवर लोक नोटा ओवाळतात, त्याचं नाव घेऊन सुपारी येते. बदलीचा माणूस आज या टोकाला, उद्या त्या टोकाला. लोकांनी त्याला ओळखावं तरी कुठल्या वाद्यामुळं?

गावी परतल्यावर मी युफोनियम माझं म्हणून धरलं. का तेच, तर माझा दम लांब आहे आणि खालच्या सप्तकात मला जास्त बोलता येतं. रोज पहाटे तलावाच्या भरावावर जाऊन एकेक सूर लांबवायचा, गाणं एकही नाही. ट्रंपेट आणि ट्रॉम्बोन सोडले नाहीत. पण दिवसाची पहिली फुंक युफोनियमची आणि शेवटचीही त्याचीच, हा नेम केला. दुसरं वाद्य वाजवून झालं की घरच्या वाद्यावर थोडे खालचे, मऊ सूर फुंकून ओठ जागेवर आणायचे. वर्षभरात फरक पडला. आश्चर्य म्हणजे माझं ट्रंपेटही सुधारलं. मोठ्या नळीनं श्वास शिकवला, आणि तो श्वास लहान नळीत उपयोगी पडला. मालक सुरुवातीला कुरकुरला. "तुला काय झालंय? आधी बरा होतास की," म्हणाला. नंतर माझ्या युफोनियमसाठी म्हणून भजनी मंडळांकडून बोलावणी यायला लागली, तेव्हा गप्प बसला.

गोव्याच्या वादकांबद्दल वाचलं-ऐकलं तेव्हा हा विचार पक्का झाला. ख्रिस पेरी ट्रंपेट आणि सॅक्सोफोन दोन्ही वाजवायचा, फ्रँक फर्नांड ट्रंपेट आणि व्हायोलिन. तिकडं चर्चच्या शाळांत मेस्त, म्हणजे संगीताचे मास्तर, लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवत. त्यामुळं दुसरं वाद्य हातात आलं तरी संगीताची भाषा तीच राहायची, फक्त हात बदलायचा. आम्ही कानावर वाढलो. कानावरचं शिक्षण फार मोठं आहे, त्याला मी कमी लेखत नाही. पण कागद वाचता न येणारा वादक दुसरं वाद्य घेतो तेव्हा त्याला पुष्कळसं पुन्हा शून्यापासून शोधावं लागतं. म्हणून माझ्या पोरांना आता एकच वाद्य आणि त्याच्या जोडीला नोटेशन, असं देतो. पोलीस भरतीत बँड्समनची पदं असतात, फौजेतही बँड आहेत, पचमढीला फौजेची संगीत शाखा १९५० पासून शिकवते. तिथं कागद वाचल्याशिवाय चालत नाही. एका पोराच्या वडिलांनी मला विचारलं, "मास्तर, तुम्ही चारी वाजवता आन आमच्या लेकराला एकावरच का बांधून घालायलात?" मी त्यांना सांगितलं, दोन वर्षं थांबा, आधी त्याचा स्वतःचा आवाज येऊ द्या, मग दुसरं वाद्य मीच देतो. पहिलं वाद्य शक्यतो बॅरिटोन देतो. त्याची वाटी मधली आहे, ओठाला मारत नाही, आणि तिथून वर ट्रंपेटकडं किंवा खाली युफोनियमकडं, दोन्ही वाटा खुल्या राहतात.

राहिला पैशाचा भाग, ज्याबद्दल आमच्या धंद्यात कुणी बोलत नाही. न्यूयॉर्क-लंडनच्या नाट्यगृहांत वाजवणाऱ्यांच्या संघटनांनी करारातच घालून घेतलंय की एका कार्यक्रमात दुसरं वाद्य वाजवलं तर त्याचे वेगळे पैसे. आमच्याकडं उलट आहे. दोन माणसांचं काम एकानं केलं तर वाचलेली हजेरी मालकाच्या खिशात राहते, आणि ज्याच्या नावावर उचल आहे तो तोंड उघडू शकत नाही. मी आता उचल घेत नाही, त्यामुळं मला बोलता येतं. गेल्या दोन सीझनपासून मी आणि माझी पोरं सुपारी ठरवतानाच सांगतो: ज्याला एका लग्नात दोन वाद्यं वाजवावी लागतील त्याला दीड हजेरी, आणि वाद्य बदलायच्या आधी पाणी प्यायला, ओठ शेकायला वेळ. दोन मालकांनी मान्य केलं आहे. तिसरा अजून तयार नाही; तुळशीच्या लग्नानंतर पुन्हा बसायचं ठरलंय.